चिऊचा लाल घास

आषाढी पौर्णिमेच्या सकाळी देवासहून बागलीला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पडीक जागेत तीनएकशे माणसं आणि साठसत्तर तान्ही बाळं चिखलात रांग लावून उभी होती. प्रत्येक बाळामागे एक आई, एक आजी, एक छत्री आणि एक वाटी. वाटीत घरून आणलेला, मुगाच्या वरणात कालवलेला मऊ भात आणि वर दोन चिमटी हळद. हळद विसरून चालत नसे. विसरलेल्यांसाठी मांडवाच्या दारातच हळदीची परात भरून ठेवलेली होती. लोकांच्या विसराळूपणाची महाराजांना एवढी काळजी!

आत कटोरीवाले बाबा बसले होते. अंगावर भगवी शाल, पुढ्यात दोन चांदीच्या डब्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत भस्म. शेजारी माइक घेऊन रणवीर नावाचा शिष्य उभा होता आणि त्याच्या तोंडाला खळ नव्हता.

"लाल हुआ तो काल हुआ, पीला हुआ तो भला हुआ! बच्चे का पहला निवाला है भिया, खेल नहीं है! कटोरी आपकी, चावल आपका, हल्दी आपकी. बाबा का क्या? बाबा की तो बस चुटकी!"

बाळ पुढे आलं की बाबा डोळे मिटत, एका डबीतून चिमूटभर भस्म वाटीत टाकत आणि बोटाने घास कालवत. बहुतेकांचा पिवळाच राही. आई तिथेच बाळाला पहिला घास भरवी, लोक जयजयकार करत. पण मधूनच एखादी वाटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक होई. मग मांडव असा चिडीचूप होई, की पत्र्यावरचा पाऊस ऐकू यावा.

चिऊची वाटी लाल झाली, तेव्हा कमलकाकूंनी हात जोडले होते. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे हीच गोष्ट त्यांना झोपू देणार नव्हती. नातीला इथे आणायचा हट्ट त्यांचाच होता. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, विठ्ठलमंदिरात पूजा सांगणारे. ते आपल्या परीने म्हणाले होते, "उष्टावण सहाव्या मासीं करावें, मामानें सोन्याच्या अंगठीनें खीर चाटवावी. आपल्या चार पिढ्या ह्यावरच वाढल्या. ह्यात महाराज कुठून आले?" पण गल्लीतल्या सगळ्या नातवंडांचं बाबांकडे झालं, आपलंच का नको, असं काकूंना वाटलं. शेजारणीचं बघून केलेल्या गोष्टी क्वचितच आपल्या कामाच्या असतात. पण ते नंतर कळतं.

"कन्या पर अन्नदोष है," बाबा म्हणाले. "दाना पेट में गया, तो बाप पर भारी. ना अनाज, ना फल. माँ का दूध, बस. हर पूनम कटोरी लाओ. जब पीली रहे, तब खिलाओ." लाल घास रणवीरने लगबगीने काढून घेतला. लाल घास नदीत सोडायचा, असा नियम होता. घरी न्यायला एक भस्माची पुडी मिळाली, रोज कपाळाला लावायला.

अंबरीश, काकूंचा मुलगा, देवासच्या एका कारखान्यात सुपरवायझर. शिकलासवरलेला. पहिल्या आठवड्यात त्याने हे सगळं हसण्यावारी नेलं आणि चिऊला चमचाभर केळं कुस्करून भरवलंसुद्धा. चिऊने मिटक्या मारल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना अंबरीशची मोटरसायकल घसरली आणि मनगट मोडलं. त्या रस्त्यावर पावसाळ्यात रोज दहा जण घसरतात आणि त्यांच्या घरी कुणी केळं खाल्लेलं नसतं. पण प्लॅस्टर अंबरीशच्या हाताला होतं. त्या दिवसापासून घरात सगळ्यांत कडक तोच झाला.

मग घराने जेवायची तऱ्हाच बदलली. चिऊ ताटाकडे झेप घ्यायची, पोळीच्या तुकड्यासाठी मुठी उघडायची, जेवणाऱ्याच्या घासाबरोबर तिचं तोंड हलायचं. ते बघवेना, म्हणून तिची आई, इरावती, तिला घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि बाकीचे दार लोटून जेवायचे. फोडणीचा वास मात्र दाराखालून आत जायचा. इरावतीला दूध पुरत नव्हतं. रडून रडून चिऊ स्वतःचीच मूठ चोखत झोपायची.

श्रावणी पौर्णिमेलाही वाटी लालच झाली.

दवाखान्यातल्या डॉक्टर सृष्टीताईंनी चिऊला काट्यावर ठेवलं. सहाव्या महिन्यात सहा किलो आठशे भरलेली पोर आता सहा किलो चारशे होती. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली, पांढरट. "सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही हो. वरणभात, नाचणी, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. आजपासून! हिचं रक्त कमी झालंय. तुम्ही हिला उपाशी ठेवताय, कळतंय का?" अंबरीशने मान डोलावली, औषधाची चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर येऊन म्हणाला, "आई, डॉक्टरला काय जातं बोलायला? दोन-तीन पूनमची तर बात आहे. रिस्क कशाला घ्यायची?" ही भीती घरात आणणाऱ्या काकूच होत्या.

भाद्रपद लागला. महालक्ष्म्यांचं कुंकू घरीच करायचं, ही त्या घराची रीत. बाजारचं कुंकू देवीला चालत नाही, असं काकूंच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या आणि चाळीस वर्षं काकूंनी ते कधी चुकवलं नव्हतं. गल्लीत त्यांच्या कुंकवाचं नाव होतं. त्यांनी परातीत हळद घेतली, चुन्याची निवळी तिच्यावर थोडी थोडी ओतली आणि तळहाताने मळायला लागल्या. चिऊ उशीला टेकून शेजारी बसली होती. रडायचा जोर तिच्यात उरला नव्हता, नुसती बघत होती. काकूंच्या तळव्याखाली पिवळं नारिंगी झालं, नारिंगीचं लाल झालं.

काकूंचा हात थांबला.

त्यांनी पुन्हा एक चिमूट हळद घेतली, चुन्याचा थेंब टाकला. लाल. पुन्हा घेतली. पुन्हा लाल. चाळीस वर्षं दर भाद्रपदात त्यांनी हा चमत्कार स्वतःच्या हाताने केला होता, पदराला हात पुसून उठल्या होत्या आणि कुणी त्यांचा जयजयकार केला नव्हता. तोच चमत्कार भगव्या शालीतल्या माणसाने वाटीत केला, तेव्हा ह्याच हातांनी त्याला नमस्कार केला होता. त्यांना इतकी लाज वाटली, की परात तिथेच टाकून त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या.

"अंब्या, अरे ते भस्म नव्हेच, चुना आहे चुना!" संध्याकाळी तो घरात शिरताच त्या म्हणाल्या.

"पुडी आहे ना आपल्याकडे? टाकून बघ हळदीत."

त्यांनी घाईघाईने पुडी आणली आणि वाटीतल्या ओल्या हळदीवर रिकामी केली. हळद पिवळीच राहिली. बोटाने कालवली, पाणी घातलं, तरी पिवळीच.

"बघ," अंबरीश म्हणाला. तो रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "आई, तू खूप टेन्शन घेतलंयस. आराम कर."

पुडीतलं भस्म म्हणजे नुसती शाडूची भुकटी होती. रात्रभर तळमळल्यावर पहाटे काकूंना दुसरी डबी आठवली. पुडी बांधताना रणवीरने उजव्या डबीतलं भस्म घेतलं होतं. चिऊच्या वाटीत बाबांनी टाकलं, ते डावीकडचं. एका डबीत शाडू, दुसऱ्या डबीत चुना. पण हे कळून उपयोग काय? डबी त्याच्या पुढ्यात, माइक त्याच्या शिष्याच्या हातात आणि मुलगा त्याच्या मुठीत.

सकाळी घरात कुणी नाही असं बघून त्यांनी बोटावर मऊ भात घेतला आणि चिऊच्या ओठांना लावला. इतकं मागत होती पोर, पण भात आत गेल्यावर तिला त्याचं काय करायचं कळेना. तिने जिभेने तो बाहेर ढकलला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात इरावतीने धावत येऊन तिला उचललं.

"आई, नका ना! मला दिसत नाही का ही कशी झालीये? पण ह्यांना काही झालं तर? मी जिंदगीभर काय सांगू स्वतःला? एकीकडे ही, एकीकडे हे. तुम्हीच सांगा मी काय करू!"

काकूंनी भाताची वाटी बाजूला सरकवली. सुनेच्या डोक्यात ही भीती घालणारा बाबा असेल, पण तिला त्याच्या दारात उभं करणाऱ्या त्या स्वतः होत्या.

महालक्ष्म्या आल्या, जेवल्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, केशर घातलेली खीर. मातीच्या मुखवट्यांपुढे ताटं वाढलेली आणि घरातली खरी लेक दाराआड मूठ चोखत होती. भाऊंनी आरती मध्येच थांबवली. "कमल, हें पाप आहे," एवढंच म्हणाले आणि पुढची आरती त्यांना म्हणता आली नाही. काकू केशराची डबी उचलून ठेवायला गेल्या. झाकण लावता लावता त्यांनी आत पाहिलं आणि डबी कपाटात न ठेवता आपल्या पिशवीत टाकली.

पौर्णिमेला पहाटे त्यांनी स्वतः घास शिजवला. मुगाचं वरण, मऊ भात, सगळं नियमाप्रमाणे. फक्त हळद घातली नाही. कोमट पाण्यात केशर खललं, त्यातलं थोडं बाजूला काढून त्यात चुन्याचा थेंब टाकून पाहिला, पिवळंच राहिलं; मग उरलेलं पाणी भातात घातलं. भात दिसायला तस्साच पिवळा झाला. पिशवीत त्यांनी चार लिंबंही टाकली.

मात्र बाबा डाव्या डबीलाच हात घालेल, ह्याचा भरवसा काय? रांगेत रणवीर हसतखेळत सगळ्यांची चौकशी करत फिरत असे. कोण कुठलं, मुलगा काय करतो, मागच्या पूनमनंतर घरी काय काय झालं. लोकांना तो मायाळू वाटे. हे सगळं मग बाबा डोळे मिटून सांगत. काकू आयुष्यात फारसं खोटं बोलल्या नव्हत्या. त्या रणवीरच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बेटा, एक गलती हो गई. बहू से छुपाके बच्ची को दो बार चावल खिला दिया मैंने. बाबा से मत कहना."

"अरे माताजी, मैं किसको कहूँगा," रणवीर म्हणाला आणि तडक आत गेला.

चिऊचा नंबर आला. बाबांनी डोळे मिटले. "इस घर में चोरी हुई है," ते गरजले. "अनाज की चोरी! छुपाके दाना दिया गया है!" मांडवात 'हाय हाय' झालं. इरावती पांढरीफटक पडली. अंबरीशने आईकडे पाहिलं. बाबांचा हात डाव्या डबीत गेला. चांगली दोन बोटं भरून भस्म वाटीत पडलं.

"देखो, कैसी लाल होती है!" रणवीर माइकवर ओरडला.

बाबा कालवत होते. घास पिवळा होता. अजून कालवला. पिवळाच. त्यांनी पुन्हा डावी डबी उघडली, पुन्हा टाकलं. केशराचा भात आपला मजेत पिवळाधमक बसून राहिला. बाबांच्या कपाळावर घाम आला, तो मात्र सगळ्यांना दिसला.

क्षणभरच हं. ह्या लोकांचं पोटच त्या क्षणावर चालतं. बाबांनी वाटी उंच धरली. "दोष उतर गया! मैया ने चोरी भी माफ कर दी!" आणि मांडव दणाणला. असला चमत्कार आजवर झाला नव्हता! बायका चिऊचे पाय शिवायला धावल्या. काकू ओरडत होत्या, "अहो केशर आहे ते! हल्दी नहीं है, केसर है!" पण त्यांचा आवाज त्यांच्याच पदरापलीकडे जात नव्हता. त्यांनी बाबाला खोटा पाडायला केलेली युक्ती बाबाच्याच गळ्यात हार होऊन पडली होती.

मग त्या पुढे झाल्या, बाबांच्या हातातली वाटी घेतली आणि त्यांच्यासमोर धरली.

"पीली है ना महाराज? पीला निवाला तो यहीं खिलाते हैं. खिला दूँ बच्ची को?"

बाबांची नजर डाव्या डबीवर गेली. रणवीर जयजयकाराच्या भरात होता. तो जोरात म्हणाला, "खिलाओ माताजी, खिलाओ!" काकूंनी घास उचलला आणि चिऊच्या तोंडाकडे नेला, पण नजर बाबांवरून हलवली नाही. हात मध्येच थांबवायचा, हे त्यांचं ठरलेलं होतं. थांबवावा लागलाच नाही.

"नहीं!" बाबांनी त्यांचं मनगट धरलं. "ये... ये मैया का है. नदी में."

"तो आप खाओ. आपका ही भस्म है."

बाबांनी वाटी हिसकावली आणि मागे सरकवली. लोक नाचत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. पण अंबरीश दोन हातांच्या अंतरावर उभा होता. पवित्र भस्म घातलेला पिवळा घास हा माणूस स्वतः खात नाही, बाळालाही खाऊ देत नाही, हे त्याने पाहिलं. त्याने इरावतीचा दंड धरला आणि चिऊला घेऊन तो मांडवाबाहेर पडला.

काकू मागे राहिल्या. पुढच्याच बाईची वाटी लाल झाली होती. कन्नौदकडची होती ती, शेतावर मजुरी करणारी, कडेवर सात-आठ महिन्यांचा मुलगा. वाटी छातीशी धरून ती मांडवाच्या कडेला रडत बसली होती. रणवीर नाचण्याच्या नादात तिचा घास काढून घ्यायला विसरला होता.

"माताजी, कंई करूं? म्हारो छोरो तो पेलां सेज दुबळो हे."

काकूंनी लिंबू कापलं आणि तिच्या वाटीत पिळलं. लाल घास पिवळा पडत गेला. बाई बघत राहिली, मग वाटी खाली ठेवून तिने काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं.

"देवी हो तम! तमारा हाथ में मैया हे!"

चार बायका वळल्या. त्यांनीही हात जोडले. काकूंना रडावं की हसावं कळेना. बाबा खोटा आहे, हे दाखवायला गेलं, तर ह्या त्यांनाच बाबा करायला निघाल्या होत्या. अशा वेळी कुणाच्याही पायाखालची जमीन सुटेल. काकूंनी पाय मागे घेतले, दुसरं लिंबू कापलं आणि बाईच्या हातात दिलं. कमरेची चंची सोडून पानाच्या चुन्याची डबी काढली. समोरच्या परातीतली हळद घेतली.

"मेरे हाथ में कुछ नहीं है. ले, तू कर. चूना डाल." बाईने भीत भीत टाकला. लाल. "अब नींबू." पिळलं. पिवळं. "फिर चूना." लाल. तिसऱ्यांदा बाईने काकूंच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. तिने स्वतःच केलं, आपल्या बोटांकडे पाहिलं, मग मांडवातल्या त्या डाव्या डबीकडे पाहिलं. तिचा चेहरा कठीण झाला.

"यो तो चूनो हे," ती हळूच म्हणाली.

"हां. और ये कटोरीवाला मत खिलाना, मुँह जल जाएगा. घर जा के ताजा बना."

बाकीच्या चौघींपैकी दोघी पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "तमारो झूठो होयगा, म्हारो तो सच्चो लाल हुयो थो." रणवीर येऊन काकूंना "माताजी, साइड में, साइड में" करायला लागला. पोलीस नव्हते, टाळ्या नव्हत्या, बाबा पळून गेला नाही. जयजयकार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

घरी आल्यावर चिऊ लगेच जेवली असेल, असं वाटत असेल तर तसं झालं नाही. शिकायच्या वेळेला तिला शिकू दिलं नव्हतं. भात जिभेवर ठेवला की ती बाहेर ढकलायची, ठसका लागायचा, रडायची. सृष्टीताई म्हणाल्या, "उशीर झालाय. शिकेल, पण घाई करू नका." काकू रोज तासतास चमचा घेऊन बसायच्या. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा," असं म्हणत प्रत्येक घास परत यायचा. सगळे पुन्हा एकत्र जेवायला बसायला लागले, तिला मधे घेऊन. अकराव्या दिवशी चिऊने वरणभाताचा एक घास गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. इरावती ताटावरून उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. अंबरीश आपल्या बऱ्या झालेल्या मनगटाकडे बघत म्हणाला, "आई, मी हिला उपाशी ठेवली." "मी नेली होती रे," काकू म्हणाल्या. वजन अजून मागेच आहे. दोन महिन्यांचं जे गेलं, ते किती भरून येईल, हे सृष्टीताईंनाही सांगता येत नाही.

कोजागिरीला काकू बागली रस्त्याच्या फाट्यावर चटई टाकून बसल्या. पुढ्यात हळद, चुना, लिंबं. शेजारी कन्नौदची ती बाई, मांडीवर भात माखलेला तिचा मुलगा. समोरून वाट्या घेऊन शेकडो माणसं गेली. थांबली सात.

त्या सातांना काकूंनी जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगायचं आहे. हळद तुमच्या घरी आहे, चुना आहे, लिंबूही असेल. करून बघा, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. आणि बाळाच्या तोंडाशी नेलेला घास मागे घ्यायला सांगणारा कुणी भेटला, मग तो कितीही गोड बोलो, तर त्याला आधी त्याच्या दोन्ही डब्या उघडायला सांगा. तोवर बाळाला जेवू घाला.